न परतलेला डबा

गरजमापन प्रयोगशाळेच्या काचेच्या भिंतीवर सोलापूरची अख्खी नवी वसाहत उजळली होती. प्रत्येक घराचा एक ठिपका, आणि सगळे ठिपके हिरवे. एरवी डॉ. हेमांगी बोंद्रे यांना हा रंग बघून समाधान वाटायचं. आज त्या एकाच ठिपक्याकडे बघत बसल्या होत्या.

“लक्ष्मी बोल्ली,” त्या म्हणाल्या. “माग बंद पडल्यापासून हाताला काम नाही, नवरा नाही, सहा वर्षांची सौम्या पदरात. सोमवारी बालकल्याण समिती सौम्याला निवासी शाळेत हलवणार. आईला काम मिळालं किंवा घर आपल्या मदतीच्या यादीत आलं, तरच मूल थांबेल. आणि आपलं यंत्र म्हणतं, घर स्वस्थ आहे.”

“यंत्राला गरज कळते तरी कशावरून?” डॉ. फिरोज मुजावर यांनी विचारलं. ते नुकतेच रुजू झाले होते, त्यामुळे असले प्रश्न त्यांना माफ होते.

“वासावरून. प्रत्येक घरच्या फोडणीचा, भाकरीचा वास निराळा असतो. घरोघरच्या स्वयंपाकघरातल्या गंधवेधकाला एका घरचा वास दुसऱ्या घरात सापडला, की वाटी आली हे कळतं; उलट वास गेला, की ती परत गेली. आपल्याकडे आलेलं भांडं रिकामं परत जात नाही. घर अडलं की बाई मागायला जात नाही, लाजते. पण भांड्यात घालायला काही नसतं, म्हणून भांडं घरातच राहतं. भांडं थांबलं की घर अडलं. मग यंत्र धान्य, फी, लागेल ते धाडतं. पण आधी घरसोबत. काम हवं असलेली वसाहतीतलीच बाई पगारावर त्या घरी जाते. रांधते, बोलते.”

“मग लक्ष्मीबाईंनाच ते काम द्या.”

“नाव दिलंय त्यांनी, पहिलंच आहे. पण अडलेलं घरच नाही, तर पाठवणार कुठे? आणि त्यांच्याकडे भांडं थांबत नाही, कारण तिथे ते जातच नाही. नवं बिऱ्हाड, ओळख ना पाळख. सुखी घर आणि एकटं घर, यंत्राला दोन्ही सारखीच दिसतात.”

“हाताने नोंद करता येत नाही?”

“वशिल्याची नावं घुसतात म्हणून ती सोय मीच काढून टाकली. तेव्हा टाळ्या पडल्या होत्या.”

“आपलेच दात, आपलेच ओठ,” फिरोज हसले. “मग एक वाटी तुम्हीच पाठवा. त्यांच्याकडे ती थांबेल आणि यंत्राला कळेल.”

ही लबाडीच होती, पण हेमांगीताईंना ती पटली. घरी येऊन त्यांनी उपमा केला. वसाहतीतला पहिला गंधवेधक त्यांनी स्वतःच्याच स्वयंपाकघरात बसवून घेतला होता. पण आई गेल्यापासून तिथे चहाखेरीज काही झालं नव्हतं. कँटीन बरं पडायचं. उपमा थोडा करपला.

लक्ष्मीने वाटी दोन्ही हातांनी घेतली. सौम्याने ती तिथेच पुसून खाल्ली. लक्ष्मीने वाटी घासली, फळीवरची बरणी काढली आणि तळाची शेंगाचटणी खरवडून वाटीत भरली.

“राहू द्या हो,” हेमांगीताई घाबरून म्हणाल्या. “सावकाश द्या. दोन-चार दिवसांनी द्या.”

“वाटी ठेवून घेऊ काय मॅडम? आमच्यात नाही चालत.” मग तिने फडक्यात बांधलेल्या दोन कडक भाकऱ्या एका डब्यात घातल्या. “वाटी झाली फिटंफाट. हा डबा वेगळा. एकट्या राहता म्हणं तुम्ही.”

भिंतीवरचा ठिपका हिरवाच राहिला. लक्ष्मीने घासातला घास काढून दिला, आणि यंत्राने तो सुखाचा पुरावा धरला. हेमांगीताईंना स्वतःच्या हुशारीची शरम वाटली. आता सौम्या जाणार, एवढंच त्यांना दिसत होतं. भाकऱ्या त्यांनी ओट्याशी उभ्यानेच खाल्ल्या. डबा भरून परत करायचा होता, पण एकटीसाठी काय रांधायचं ते सुचेना. डबा मोरीत पडून राहिला.

रविवारी संध्याकाळी दाराची घंटा वाजली. कितीतरी दिवसांनी वाजल्यामुळे तो आवाज आपल्याच घरातला आहे, हे कळायला त्यांना जरा वेळ लागला.

दारात सौम्याचा हात धरून लक्ष्मी उभी होती. “मॅडम, घरसोबतीचा निरोप आला. घर अडलंय म्हणं, उद्यापासून पगार चालू. पण पत्ता हा दाखवतंय. चुकलं असंल.”

एवढ्यात फोन वाजला. पलीकडे फिरोज होते. “ताई, अख्ख्या वसाहतीत एकच ठिपका लाल झालाय, आणि तो तुमचा आहे. काहीतरी बिघाड दिसतोय. तुम्ही घरसोबत नाकारलीत तर ठिपका आपोआप हिरवा होईल.”

हेमांगीताईंनी मोरीतल्या डब्याकडे पाहिलं. आपलं घर अडलंय, हे आपण कुणाला सांगितलं असतं का?

“बिघाड नाही,” त्या म्हणाल्या. “हिरवे ठिपके मात्र उद्या पुन्हा तपासू. घरोघरी जाऊन.”

त्यांनी फोन ठेवला. “पत्ता बरोबर आहे, लक्ष्मी. आत या.”

लक्ष्मीने पदर खोचला, मोरीतला आपला डबा ओळखला, घासून पालथा घातला आणि तांदळाचा डबा शोधत विचारलं, “किती माणसांचा करू?”

हेमांगीताईंच्या तोंडून सवयीने ‘एक’ निघालं. मग त्यांनी सौम्याकडे पाहिलं, आणि तीन बोटं वर केली.