मधाच्या फळीवरचं पाखरू

रुकियाचं तिसरं मूल तरी जगावं, एवढ्यासाठी तिचा नवरा जुमराई आणि बाप साहर बुडालेल्या जंगलात होडी घालून निघाले होते. आधीची दोन पोटातच गेली होती. आता तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. पाण्यात कालवलेला मध तेवढा टिकायचा, आणि घरातली बरणी रिकामी झाली होती.

बायको गरोदर असताना नवऱ्यानं जीव मारायचा नाही, नाहीतर त्या जीवाची खूण बाळावर उमटते. साहरनं वाटभर तेच दळण दळलं.

"जावईबापू, एक माशी जरी चिरडलीस तर गाठ माझ्याशी आहे."

"अहो बाबा, इतके दिवस जाळं टाकलं नाही मी. शेजारी हसतात."

"हसू देत. त्यांना काय जातंय?"

पाणी चढलं होतं, ओळखीच्या खुणा बुडाल्या होत्या. दोनदा वाट चुकली. फांद्यांखालून होडी रेटता रेटता दिवस कलला, तेव्हा कुठे, माश्यांनी पोळं धरावं म्हणून झाडात तिरकी बसवलेली त्यांची फळी दिसली. तिच्याखाली पोळं लोंबत होतं. मधानं जड झालेलं!

म्हाताऱ्याचे गुडघे धरलेले, म्हणून जुमराई चढला. धुराची मशाल बेचक्यात खोवली. माश्या सरकल्या. त्यानं मधाच्या बाजूला सुरी लावली, आणि पोळ्यातून चिरका आवाज आला.

मधात तोंड खुपसून तळहाताएवढं, पतंगाच्या जातीचं पाखरू बसलं होतं. पाठीवर माणसाच्या कवटीचा ठसा! सुरी त्याच्यावरूनच जाणार होती. बाळाच्या अंगावर कवटी उमटलेली त्याच्या डोळ्यांपुढे आली.

त्यानं सुरी कमरेला खोचली. पाखरू चिमटीत धरलं. ते फडफडलं, थेट तोंडावर आलं. तो दचकला. कोपर मशालीला लागलं. मशाल पाण्यात! धूर संपला.

माश्या उलटल्या. मान, कान, पापण्या. पाखरू सदऱ्याला घट्ट चिकटलं होतं. तशीच उडी मारली तर ते बुडणार.

"मार त्याला!" खालून साहर ओरडला. "चिरड आणि उडी टाक! पाप माझ्या डोक्यावर!"

जुमराईनं डोळे मिटले. डंख सोशीत पाखराचा एकेक पाय सदऱ्यातून सोडवला, पाखरू खोडावर ठेवलं आणि मग उडी घेतली.

माश्या परतेपर्यंत दोघंही होडीआड, नाकापुरते पाण्याबाहेर होते. होडीत चढला तेव्हा जुमराईचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं. मधासाठी आणलेला डबा कोरडाच होता.

साहरनं वल्हं उचललं.

"उद्या मी चढतो. गुडघे गेले खड्ड्यात," तो म्हणाला. मग हळूच, "आणि मी काय ओरडलो, ते रुकियाला सांगू नकोस."

"माश्यांच्या गोंगाटात मला काही ऐकूच आलं नाही, बाबा," जुमराई म्हणाला.