कलशातली साखर

कलश उचलला आणि ज्ञानदाच्या हातांना कळलं, सिद्धांत आत नाही.

बाल्कनीतल्या कपाटासमोर ती तशीच उभी राहिली. अस्थी घरात ठेवत नाहीत, म्हणून सासूबाईंनीच ही जागा ठरवली होती. तांब्याचा कलश, त्यात पत्र्याचा सीलबंद डबा, डब्याच्या झाकणावर तिच्या नवऱ्याचं, सिद्धांतचं नाव. जर्मनीत अस्थी घरी नेऊ देत नाहीत. नाशिकला गोदावरीत सोडायच्या आहेत, हे चार कचेऱ्यांना पटवल्यावर कुठे बेस्टाटरने, म्हणजे अंत्यविधी करणाऱ्या माणसाने, तो डबा तिच्या हाती दिला होता. परवा फ्रँकफुर्टहून विमान होतं.

तिने कलशाचं झाकण काढलं. डबा नव्हता. तळाशी काहीतरी पांढरं चमकत होतं. तिने बोटांत चुरडून पाहिलं.

साखर.

"आई!"

सासूबाई, कुंदाताई, आत नातीची, अन्वीची वेणी घालत होत्या. माक्याच्या तेलाने माखलेले हात तसेच घेऊन त्या बाहेर आल्या. कलशात डोकावल्या आणि मटकन खुर्चीत बसल्या. नाकाची कातडी सोललेली, चेहरा रापलेला. आठ दिवसांपूर्वी हॅनोव्हरला भाचीकडे, ऊर्मिलाकडे राहून आल्यापासून त्या अशाच ओढलेल्या दिसत होत्या.

"पोलिसात जाऊ नकोस गं," त्या म्हणाल्या. "आधी घरातलं घरात बघू."

ज्ञानदा विमा कंपनीत नोकरीला होती. लोकांच्या अपघातांच्या हकिगतीत खोटं कुठे आहे ते शोधायचं, हेच तिचं काम. गाडी ठोकून घेणारी माणसं काय काय थापा मारतात ते तिला तोंडपाठ होतं. पण आज गेलं होतं ते तिचं माणूस. शेवटचं त्याला पाण्यात सोडायचं, तेवढंच तिच्या हातात उरलं होतं.

कपाट फोडलेलं नव्हतं. घराच्या चाव्या चौघांकडे: ती, सासूबाई, धाकटा दीर पुष्कर आणि सिद्धांतचा मित्र कबीर. आणि घर रिकामं होतं ते एकदाच, सासूबाई हॅनोव्हरला गेल्या तेव्हा. ती स्वतः त्या शनिवार-रविवारी अन्वीला घेऊन हायडेलबर्गला पुष्करकडे होती.

पुष्कर दुपारपर्यंत आला. शिकत होता अजून. भावाचा जुना कोट अंगात.

"वहिनी, संशय माझ्यावर ना?"

"निम्म्या अस्थी इथे पुरू, असं कोण म्हणत होतं?"

"मीच. अन्वीला उद्या बाबाला भेटावंसं वाटलं तर काय गोदावरीचं तिकीट काढायचं? अजूनही तेच म्हणेन. पण तोंडावर म्हणेन. चोरून नाही."

"आणि साखर?"

"मी चहासुद्धा बिनसाखरेचा पितो. उगाच माझ्या नावावर खपवू नका."

साडेचार वर्षांची अन्वी टेबलाखालून बाहेर आली. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. आजी अंतराळवीर आहे, तिने सांगितलं. ती परत आली तेव्हा खिडकीतून पाहिलं मी. आजीचं डोकं एवढं मोठं गोल होतं.

पुष्करला हसू फुटलं. "मग कुठे गेली होती आजी? चंद्रावर?"

"नाइन," अन्वी गंभीरपणे नकाराची मान हलवत म्हणाली. "हॅनोव्हर."

"चल, दूध पी आधी," कुंदाताई म्हणाल्या आणि तिला आत घेऊन गेल्या.

जिन्यात खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ केलर भेटल्या. नाही, त्या म्हणाल्या, अनोळखी कुणी आलं-गेलं नव्हतं. पण एक सांगू का, राग मानू नका. तुमच्या सासूबाई केकचा साचा परत देतात ना, तो नीट धुतलेला नसतो. दर वेळी तळाशी साखर.

ज्ञानदा हसली नाही. तिने तिथूनच ऊर्मिलाला फोन लावला.

"मावशी? हो, हो, राहून गेली ना. बरं वाटलं तिला."

"फिरवलंस का कुठे? हवा कशी होती?"

"कुठलं फिरणं! आठवडाभर सूर्याचं तोंड पाहिलं नाही आम्ही. नुसता पाऊस."

ज्ञानदाने फोन ठेवला. एकच दार उरलं होतं.

कबीर नेकारसुल्मच्या कारखान्यात सिद्धांतच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. सिद्धांतची मोटरसायकल आता त्याच्या गॅरेजमध्ये होती.

"वहिनी? अहो, फोन करायचात, मी आलो असतो."

गाडी धुतलेली होती, पण पुढच्या काचेवर चिकटलेले किडे पुरते निघाले नव्हते. पुढच्या चाकाच्या दांड्यावर स्वित्झर्लंडच्या महामार्गाचा स्टिकर. या वर्षीचा. सिद्धांत तर डिसेंबरपासून अंथरुणावर होता.

"कुठे जाऊन आलास?"

"आल्झो... म्हणजे, समुद्रापर्यंत. इटलीत. तो दरवर्षी थांबायचा त्या गावाला. अर्धा तास थांबलो, परत आलो."

"एकटा?"

"हो, हो. एकटाच."

"मग मागच्या सीटचे फूटरेस्ट खाली का?"

कबीर वाकून ते वर दुमडू लागला.

मागच्या हुकाला सिद्धांतचं हेल्मेट लटकत होतं. ज्ञानदाने ते काढून घेतलं आणि आतल्या अस्तरात नाक खुपसलं. हे चौकशीसाठी नव्हतं. त्याचा वास कुठेतरी उरला असेल, एवढंच तिला हवं होतं.

नव्हता. अस्तर तेलाने चिकट झालं होतं.

"घरी चल," ती म्हणाली.

स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती चौघं बसली. अन्वी आत झोपली होती. ज्ञानदा बोलू लागली तेव्हा तिचा आवाज ऑफिसातल्यासारखा सपाट होता.

"डबा पुष्करने नेला असता, किंवा कबीरने एकट्याने, तर कलश रिकामा राहिला असता. भांडं रिकामं ठेवताना या दोघांचा हात अडखळत नाही. या घरात एकाच माणसाच्या हातून कुणाचं भांडं रिकामं जात नाही. खालच्या फ्राऊ केलरना वाटतं, साचा नीट धुतलेला नसतो."

कुंदाताई टेबलक्लॉथची सुरकुती सरळ करत राहिल्या.

"हॅनोव्हरला आठवडाभर पाऊस होता. आई, तुमचं नाक उन्हाने सोललंय. अन्वीने आजीला अंतराळवीर पाहिलं, म्हणजे डोक्यावर हेल्मेट. हेल्मेटला माक्याचं तेल लागलंय. गाडी कबीरने चालवली. मागे तुम्ही होतात. डबा घेऊन."

"आई, तू?" पुष्कर टेबलावर पुढे वाकला. "आल्प्स ओलांडून? मोटरसायकलवर? तुला रिक्षातसुद्धा भीती वाटते!"

"डबा मांडीत होता ना," कुंदाताई म्हणाल्या. "मग कसली भीती."

कबीर म्हणाला, "वहिनी, मी काकूंना म्हटलं होतं, तुम्हाला सांगू या म्हणून."

"त्याला बोलू नकोस. मीच अडवलं त्याला. ऊर्मिलालाही मीच गप्प बसवलं."

"का, आई?"

"तू सिद्धांतला कधी बोलू दिलंस? 'मी गेल्यावर' एवढं म्हणाला, की त्याच्या तोंडावर हात ठेवायचीस. मग तू चहा करायला उठलीस की मला सांगायचा. नदी नको म्हणाला. ते गाव. गाडी धक्क्यापाशी लावायची, एक कॉफी घ्यायची, अर्धा तास समुद्र बघायचा आणि परत फिरायचं. दरवर्षी तिथून फोन करायचा मला. म्हणाला, आई, तसंच सगळं करायचं. या वेळी परत फिरायचं नाही, एवढाच फरक."

कुंदाताईंनी टेबलक्लॉथची दुसरी सुरकुती धरली.

"आणि म्हणाला, ज्ञानाला नेऊ नकोस. तिला तिथे उभं राहवणार नाही. शपथ घातलीन."

"ते त्याने ठरवलं," ज्ञानदा म्हणाली. सपाट आवाज आता मधोमध फाटला. "तुम्ही ठरवलंत. मला कुणी विचारलं नाही. मी राहिले असते उभी, आई. त्याच्यासाठी चौदा महिने उभीच होते मी."

"चुकलं गं माझं. परवा विमानतळावर जायच्या आधी सांगणार होते. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगायचं."

"थोडं तरी ठेवलंत?"

कुंदाताईंनी मान हलवली. नाही.

पुष्कर उठून खिडकीपाशी गेला. कबीर हातातल्या किल्ल्यांकडे बघत राहिला. ज्ञानदाने खुर्ची सासूबाईंच्या जवळ ओढली.

"सगळं सांगा. मी तिथे असते तर जे जे बघितलं असतं, ते. काही गाळू नका."

"कबीरने झाकण उघडून दिलं आणि बाजूला झाला. दगड निसरडे होते, मग मी खालीच बसले. कपडे भिजले. लांब एक बाई पोराला पोहायला शिकवत होती, तिचं लक्ष नव्हतं. ओंजळीने सोडलं. एकदम नाही, थोडं थोडं. त्याचं नाव घेतलं, तुझं घेतलं, पोरीचं घेतलं. थोडा वेळ पाण्यावर राहिला, मग गेला."

"पाणी गार होतं का हो?"

"नाही गं." कुंदाताईंनी तिचा हात आपल्या तेलकट हातात घेतला. "अन्वीच्या अंघोळीला काढतेस ना, तेवढंच कोमट होतं."