शिकंज्यातली फळी

सांगतो, पण एकदाच. दर शनिवारी बिअरचा ग्लास पुढं सरकवायचा आणि म्हाताऱ्याला बोलतं करायचं, हा तुमचा डाव मला कळत नाही असं समजू नका. वर तुमच्यातलाच एखादा दात काढणार. काढा. सोमवारपासून त्याच कारखान्यात, त्याच लाकूडखात्यात उमेदवारीला उभं राहायचंय तुम्हाला.

नेरिस प्रॉबर्ट म्हणून पोरगी होती. माझ्या बहिणीच्या शेजारी राहायची, खोटं बोलणारी नव्हे. लाकूडखात्यात उमेदवारीचं शेवटचं वर्ष. त्या महागड्या गाड्यांत स्टिअरिंगच्या चाकामागं लाकडाची चकचकीत फळी असते ना, ती ही पोरगी बनवायची. अक्रोडाचे कागदासारखे पापुद्रे, एकाच झाडाचे, झाडातून निघाले त्याच क्रमानं रचलेले. शेजारचे दोन पुस्तकासारखे उघडून चिकटवायचे, म्हणजे डावीकडची रेषांची भोवरी उजवीकडं आरशासारखी उमटते. एक जरी पापुद्रा उलटा पडला तर भोवऱ्या बोटभर चुकतात. ती चूक नवखा करतो. नेरिसनं पहिल्या वर्षानंतर कधी केली नाही.

परीक्षेची फळी करायची होती. कायमची जागा एकच आणि उमेदवार दोन. ही, आणि खात्यात शिकवणाऱ्या उस्तादाचा भाचा टोबी. आमच्या खात्यात जुनी रीत आहे. परीक्षेची फळी गोंद लावून शिकंज्यात दाबायची, आणि शिकंजा ज्याचा त्यानं उघडायचा. ज्याच्या हातानं बाहेर आली, फळी त्याची. त्यावर मग वाद नाही.

शनिवारी दुपारी उस्ताद तिला म्हणाला, "नेरिस, गोंद आज रात्री मुरेल. सोमवारपर्यंत थांबलीस तर कड फुगेल. रात्री येऊन काढून घे, मी फाटकावरच्या मिकला सांगून ठेवतो."

"तुम्ही याल?"

"मी कशाला? तुझी फळी, तुझा हात."

तीन वर्षं ह्याच माणसानं तिचा हात धरून शिकवलेलं. तिला बरं वाटलं, आपल्यावर भरवसा आहे म्हणून.

गेल्या ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार. हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागं करतात आणि रात्र तासानं लांबते, ती रात्र. फाटकावर रखवालदार मिक यारवुड चिप्स खात बसलेला.

"ये गं. आज मला एक तास फुकटचा राबवतायत, आणि तू आपल्या पायानं आलीस. डोक्यावर पडलीयस का?"

"आत कुणी आहे का, मिक?"

"तुझ्यासारखं खुळं दुसरं कोण असणार?" तिला एक चिप देऊन त्यानं फाटक उघडलं.

ती आत गेली. एकच दिवा लावला. शिकंजा सैल केला, फळी बाहेर काढली, आणि ओल्या फडक्यानं पुसली. ओल लागली की लाकडाची नक्षी वर येते.

भोवऱ्या जुळत नव्हत्या.

बोटभर चुकलेल्या. एक पापुद्रा उलटा.

तिनं पुन्हा पुसली. लाकूड तेच, झाड तेच. पण फळी तिची नव्हती. अशी फळी अख्ख्या खात्यात एकाच माणसाच्या हातून होत होती, आणि तो उस्तादाचा भाचा होता. आणि ही फळी आता तिनं स्वतःच्या हातानं बाहेर काढली होती.

ती खाली बसली. रडू येईना. तिला नुसता तो दुपारचा आवाज आठवत राहिला. तुझी फळी, तुझा हात.

तेवढ्यात पॉलिशच्या खोलीतून आवाज आला. लाकडावरून ओला तळवा फिरवावा तसा. सावकाश... एकदा डावीकडून. एकदा उजवीकडून.

"कोण आहे?"

आवाज थांबला नाही.

ती दारापर्यंत गेली. आत अंधार. टोबीच्या फडताळापाशी एक पोरगा पाठमोरा उभा होता. तपकिरी कोट, तसले आता कुणी घालत नाही. त्याच्यापुढं तिची फळी. भोवऱ्या अंधारातसुद्धा दिसत होत्या. नीट जुळलेल्या.

"ती माझी आहे," नेरिस म्हणाली.

"हो." तो वळला नाही. "माझीपण अशीच गेली."

कोटातून पाणी ठिबकत होतं. फरशीवर थारोळं. वास कालव्याच्या गाळाचा.

"मी सांगणार आहे सगळ्यांना."

तळवा थांबला.

"एकानं सांगितलं होतं... माझ्यासाठी." त्यानं तळवा फळीवरून उचलला. "त्याला खोटारडा म्हणाले."

मग तो वळायला लागला.

तिनं तोंड पाहिलं की नाही, ते मला कधी सांगितलं नाही. मी विचारलं तरी.

सोमवारी तिनं साहेबांपुढं सगळं सांगितलं. उस्ताद शांतपणे म्हणाला, "रात्री ये असं मी कशाला सांगेन? पोरीचं डोकं फिरलंय. शिकंजा कुणी उघडला, मिकला विचारा." मिकनं खरं तेच सांगितलं. उस्तादानं त्याला काही सांगितलं नव्हतं, ती एकटीच आली होती, आत दुसरं कुणी नव्हतं. जागा टोबीला मिळाली. नेरिस आता स्टोकला स्वैपाकघराची कपाटं ठोकते.

ती माझ्याकडं आली ते एवढंच विचारायला, की तो पोरगा कोण. मी ओळखला. आल्बी ग्रिंड्रॉड. माझ्यासमोर उमेदवारी केली त्यानं, त्याच्याच सोबतीचा दुसरा उमेदवार होता आजचा उस्ताद. आल्बीची फळी अशीच बदलली गेली, आणि जागा त्या सोबत्याला मिळाली. त्याच हिवाळ्यात तो कालव्यात मेलेला सापडला. फळी आल्बीची आहे हे अख्ख्या खात्यासमोर मी एकट्यानं सांगितलं होतं. हे नेरिसला कुणी सांगितलेलं नव्हतं. कोण सांगणार?

टोबीची म्हणून जिंकलेली ती फळी आता पुढच्या दालनात काचेच्या कपाटात आहे. पॉलिश सात वेळा खरवडून पुन्हा चढवलं, भट्टीत ठेवून पाहिलं. वाळत नाही. वर्ष झालं. सोमवारी जाल तेव्हा कपाट उघडून बोट टेकवून बघा, ओलं लागेल.

आणि वास घ्या बोटाचा.

मग सांगा मला, खोटारडा कोण होता ते. त्या दिवशी सगळ्यांदेखत मला तो शब्द लावला, आणि आजतागायत परत घेतला नाही, तुमच्या ह्याच उस्तादानं. क्लाइव्ह स्टॅनियरनं.