मानगुटीवरचं

"लोक मानपान मोजतात, मी नुसती मान मोजते," हा डॉक्टरीणबाईंचा आवडता विनोद. एमआरआयच्या यंत्राशेजारच्या अरुंद खोलीत, पडद्यासमोर बसून त्या दिवसभर तेच करायच्या. मानेच्या दोन मण्यांमधल्या फटीतून नस बाहेर पडते. तिच्याभोवती चरबीची पांढरी कड अखंड दिसली तर शून्य. कड दोन बाजूंनी पुसली गेली तर एक, चारी बाजूंनी गेली तर दोन, आणि नसच चेपलेली असली तर तीन. तीन म्हटलं की सर्जन हात धुवायला लागतो. हिशेब सरळ होता, आणि बाईंना सरळ हिशेब आवडायचा.

म्हणूनच त्या सोमवारी ट्रकवाल्याच्या फोटोने त्यांचं डोकं उठलं. डावीकडची नस पार चपटी, पण भोवतीची कड जशीच्या तशी. कापसात गुंडाळलेला तांब्या कापूस न दबता चेपावा, तसं काहीतरी. दाबणारं काहीच नव्हतं. ना मणी सरकलेला, ना हाड वाढलेलं.

त्याच्यामागून आलेल्या शिक्षिकेचीही तीच नस तशीच चेपलेली. तिच्यामागून आलेल्या सुताराचीही.

"यंत्र बिघडलंय," बाई टेक्निशियनला म्हणाल्या. "आजच्यापुरतं बंद कर."

पण बाहेर बाकावर धाकटी बहीण बसली होती. मातीची भांडी घडवणारी, चाकावर वाकून वाकून मान आखडलेली. तिचा नंबर बाईंनीच वशिल्याने मध्ये घुसवला होता. "एवढी आली आहे तर हिचं उरकून घे," त्या म्हणाल्या, आणि तिचीही नस तशीच चेपलेली दिसल्यावर यंत्र बंद केलं.

दुसऱ्या दिवशी इंजिनियरने पाण्याची बाटली आत सरकवून यंत्र तपासलं. यंत्र ठणठणीत होतं. धाकटी मात्र नव्हती. तिच्या डाव्या हातातून आधी चमचा पडला, मग कप. गुरुवारी तर तिला मूठही वळेना.

"ताई, मानगुटीवर कुणीतरी बसलंय गं," ती म्हणाली. "उतरतच नाही."

बाईंनी हे वाक्य हजारदा ऐकलं होतं. इथे येणाऱ्या प्रत्येकाच्या मानगुटीवर कोणी ना कोणी बसलेलंच असतं, साहेब नाहीतर सासू. पण आज त्यांना हसू आलं नाही. सर्जन उद्या सकाळी मान उघडणार होता. उघडून काढणार काय? तिथे काढण्यासारखं काही नव्हतंच. आणि नसेला धक्का लागला तर हा हात पुन्हा मातीला लागणार नव्हता.

त्यांनी सोमवारच्या सगळ्यांना फोन लावले. टेक्निशियन शेजारी उभा होता.

"सगळे बरे आहेत," फोन ठेवत बाई म्हणाल्या. "ट्रकवाला म्हणतो, बूट घालता घालता उतरलं. एकदम."

"तेव्हा आत शिक्षिका झोपली होती, मॅडम." टेक्निशियन जरा घुटमळला. "ज्याच्यामागून कोणी आत गेलं, त्याचं उतरलं. तुमच्या बहिणीमागून कोणी गेलंच नाही. तुम्ही यंत्र अजून बंदच ठेवलंय."

"काहीतरीच काय!" बाई म्हणाल्या. आणि कानातलं काढायला लागल्या.

आत झोपताना त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. आपल्यामागून कोणालाही आत घ्यायचं नाही. यंत्राला कुलूप लागलं तरी चालेल. बहिणीच्या हातापुढे आपल्या हाताचं काय एवढं!

यंत्र खडखडायला लागलं. बोगद्यात बाईंना जागा नेहमीपेक्षा कमी वाटली.

मग डोक्यामागे, उशीच्या आत, कोणीतरी सावरून बसलं.

खडखडाट थांबला तेव्हा बाहेरून धाकटीचा आवाज येत होता. "ताई! उतरलं गं! हे बघ, मूठ बघ!" ती दाराच्या काचेवर त्याच हाताने थापा मारत होती. बाईंचे डोळे भरून आले. इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. फक्त मान जड होती.

त्या पडद्यापाशी आल्या. नस चपटी. कड अखंड.

टेक्निशियन फोटोकडे बघत नव्हता. बाहेर रांग वाढली होती आणि आतला फोन सारखा वाजत होता.

"मॅडम, पुढचा पेशंट घेऊ?"

नको, असं बाईंना म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आला, पण आवाज फुटला नाही. म्हणून त्यांनी नकारार्थी मान हलवायला घेतली.

मान खाली गेली. वर आली. पुन्हा खाली गेली.

"बरं," तो म्हणाला, आणि त्याने दार उघडलं. बाहेरच्या बाकावर एक मुलगी घाईघाईने कानातलं काढत होती.