विमलच्या कोंबड्यांची बातमी

१९९१च्या उन्हाळ्यात यशवंत बोथच्या बाजारात आला तो मिरचीच्या भावाची बातमी घ्यायला. नांदेडच्या एका दैनिकाचा तो आदिलाबादचा वार्ताहर. पण कोंबड्यांच्या पिंजऱ्यांपाशी त्याचे पाय थांबले. एक तरुण मुलगी पाण्याची वाटी एकेका चोचीशी नेत होती. पिंजरे इतके गच्च भरलेले, की खालच्या कोंबड्यांना मानही वर करता येत नव्हती. तीन तर मेल्याच होत्या.

त्यानं कॅमेरा उचलला.

"फोटो काऊन काढून राह्यले?" तिनं वर न पाहताच विचारलं.

"पेपरात द्यायला. कोणाच्या आहेत या?"

ती घुटमळली... मग सरळ त्याच्याकडे पाहिलं. "आमच्याच. विकायच्याच हायेत, पण तहानेनं काऊन मराव्या? बाबा ऐकत नाहीत. तुमी लिहा."

"नाव?"

"माझं विमल. पण छापू नका."

"छापायला नव्हतं विचारलं," तो हळूच म्हणाला.

विमलनं मान खाली घातली. मेलेल्या कोंबड्या उचलून ती बाजूला ठेवू लागली.

बातमी आली. नाव कुणाचंच नव्हतं. पण फोटोतल्या मनगटावरचं गोंदण तिच्या वडलांनी, बाबारावांनी ओळखलं, आणि लेकीचं बाजाराला जाणं बंद केलं.

हे कळताच यशवंत त्यांच्या घरी गेला. "चूक माझी आहे," तो बाबारावांना म्हणाला. "तुमच्या मुलीनं मला काहीच सांगितलं नाही."

"खोटं बोलून राह्यले ते," दारातून विमल म्हणाली. "मीच सांगतलं, बाबा. आपल्याच हातानं वाढवल्या होत्या त्या."

बाबाराव ओसरीवर टेकले. मग पुटपुटले, "दिसत मलेबी होतं. मी पाहात नव्हतो."

पुढच्या बाजाराला पिंजऱ्यांत निम्म्याच कोंबड्या होत्या, वर ओलं पोतं. शेजारी विमल बसली होती. यशवंत तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"आता काऊन आले? बातमी तर झाली."

"तुमाले पाहाले," तो तिच्याच बोलीत म्हणाला.

ती लाजली नाही. पदराचं टोक मात्र बोटाला गुंडाळत राहिली.

"मग बाबाले भेटा... तिकडं चहा पिऊन राह्यले. मी सकाळीच सांगतलं त्यायले, तुमी याल म्हणून."

यशवंत टपरीकडे निघाला. बाबारावांनी त्याला येताना पाहिलं, आणि बाकावर थोडं सरकून जागा केली.