चार वाजताचा प्रश्न

हसा, आत्ता हसून घ्या. नंतर अंधारात एकेकट्याने संडासला जायचंय, तेव्हा कोण हसतंय ते बघू.

ओळखीतला एक रंगारी. गेल्या सत्तावीस नोव्हेंबरची, शुक्रवारची गोष्ट. दवाखान्यातून सुटला, वाटेत गोळ्या घेतल्या, बायकोबरोबर घरी आला. तीन दिवसांपूर्वी शाळेची भिंत रंगवताना दोर सुटून फळी कलंडली होती. हा डोक्यावर पडला, मेंदूला मुका मार. त्याच फळीवर शेजारी उभा असलेला मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, जागीच गेला.

दोर कोणी बांधला होता? पोलिसांनी विचारलं, बायकोनेही विचारलं. डॉक्टर म्हणाले, "अशा मारात मागचं पुसलं जातं, फार छेडू नका." याला आयतंच सापडलं. आठवत नाही म्हणायचा. आठवत सगळं होतं. डोळा मिटला की फळी पायाखालून जायची, आणि गडी घामाघूम.

"रात्री दर दोन तासांनी उठवा," डॉक्टरांनी बायकोला बजावलं होतं. "नाव विचारा, वार विचारा. बरळले तर घेऊन या."

"बरळतात तर ते रोजच," बायको म्हणाली. भाऊ गेल्यापासूनची तिची पहिली थट्टा. तिचं तिलाच रडू फुटलं.

बारा वाजता तिने उठवलं. नाव, वार. बरोबर. दोन वाजता उठवलं. बरोबर.

ए, उशी कशाला कवटाळतोस? अजून काही झालं नाही.

चार वाजता खांदा हलला.

दिवा लावायला डॉक्टरांची मनाई. काळाकुट्ट अंधार.

"नाव?"

त्याने सांगितलं.

"वार?"

"शनिवार."

मग काहीच नाही... नुसता श्वास. वरून येणारा. कोणी उंचावरून वाकल्यासारखा...

"दोर कोणी बांधला, दाजी?"

दाजी त्याला एकच जण म्हणायचा.

ओरडायचं होतं. 

"मी..." शेवटी तो म्हणाला. "घाईत. एकच गाठ मारली."



दोन गार अंगठे. पापण्यांवर. हळूच. प्रेताचे मिटतात तसे डोळे मिटले.

सकाळी बायको धावत आली. "माझा डोळाच लागला हो. दोननंतर उठवलंच नाही. बरे आहात ना?"

त्याला डोळे उघडवेनात. "ऐक," तो म्हणाला. "दोर मी..."

ती ऐकत नव्हती. नुसती बघत होती. त्याच्या दोन्ही पापण्यांवर आकाशी रंगात अंगठ्यांचे ठसे. शाळेच्या भिंतीचा रंग.

ओला.