उरलेले टोस्ट

"चोरी नाही, दरोडा नाही," तपास कचेरीतल्या खुर्चीत बसत वाकाको मिझुता म्हणाल्या, "पण मी लुटली गेलेय. एका साखरदाणीपायी."

सेतो गावात पुलाजवळ वाकाकोंचं कॉफीचं दुकान होतं. खासगी तपास करणारी शिओमी आणि तिचा सहकारी उनो रोजची न्याहारी तिथेच करत. त्यामुळे उनोने वही काढण्याऐवजी वाकाकोंनी आणलेलं उकडलेलं अंडं सोलायला घेतलं.

"कोणती साखरदाणी?" शिओमीने विचारलं.

"निळ्या पाकोळ्यांची. दुकान उघडलं त्या दिवशी मांडलेल्या सेटमधली. ती ह्यांच्या हातून फुटली. पुढे तो सेट बनवणारी भट्टी बंद पडली, हेही गेले. तेव्हापासून साखर जॅमच्या बरणीत. उद्या, बुधवारी, दुकानाला तीस वर्षं होतात. अन् अगदी तशीच साखरदाणी लिलावात आलेली मोबाइलवर दिसली! बोलीची सुरुवात एक येनापासून."

"मग लावलीत बोली?"

"चोरून. कपाटं भरलीत, नवीन वर्षापर्यंत एक बशीही घेणार नाही, असं सगळ्यांसमोर कबूल करून बसलेय ना! रविवारी दुपारी गल्ल्याआड मोबाइल धरून बोली लावत होते. शेवटच्या घटकेला कोणी बोली लावली की मुदत वाढते. तो पुढे जायचा, मी त्याच्या पुढे. काय मजा आली सांगू! लग्नातसुद्धा छाती एवढी धडधडली नव्हती."

"तो कोण?"

"कोण जाणे. नावांच्या जागी नुसत्या चांदण्या दिसतात. शेवटी गरम दुधाची ऑर्डर आली, दूध उतू गेलं. पुसून बाहेर येते तर लिलाव संपलेला."

"तो पुढे जायचा तेव्हा तुम्ही कुठे असायचात?"

"आत, टोस्ट भाजत. आत रेंज नाही. बाहेर आलं की कळायचं."

"दर वेळी आतच?"

वाकाकोंचा चेहरा उतरला. "दर वेळी."

"म्हणजे त्याला तुम्ही दिसत होतात. दुकानात कोण होतं?"

"तिघंच. न्हावी तोकुमारू, हारुयोबाई आणि टॅक्सीवाले एमोरी. रोजची माणसं." त्यांनी पिशवीचे बंद मुठीत धरले. "त्यांच्यातलंच कोणी असेल तर उद्या मी दुकान उघडणार नाही. उघडू कोणासाठी?"

निघता निघता त्या पुटपुटल्या, "धंदा मात्र झाला त्या दिवशी. टोस्टवर टोस्ट, लाल घेवड्याचं गोड पुरण लावलेलेही. निम्मे तसेच उरले म्हणा."

तोकुमारू सलूनमध्ये गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा फिरवत होता. दारात एक जुनी न्हाव्याची खुर्ची पावसापाण्यात उभी होती.

"लिलावात जिंकली," तो अभिमानाने म्हणाला. "दारातून आत जात नाही, ते सोडा. जिंकताना काय वाटलं होतं, वा!"

"बोली तुम्हीच लावता?"

त्याने खिशातून घडीचा जुना फोन काढला. "ह्याच्यावर? माझ्यासाठी हारुयोबाई लावतात."

"रविवारी काय खाल्लंत?"

"टोस्ट," तोकुमारू म्हणाला आणि एकदम वस्तरा पुसू लागला.

हारुयोबाई कॉफीच्या दुकानातल्या कोपऱ्यात, लिलावात घेतलेल्या खोक्यातली बटणं बोटांनी चाचपत बसल्या होत्या.

"आत काय निघेल ते कळत नाही, त्यातच गंमत. शनिवारपासून चष्मा दुरुस्तीला गेलाय, म्हणून नुसत्या हाताने ओळखतेय."

"म्हणजे रविवारी मोबाइलवर काही दिसलं नसेल?"

"आकडा म्हणजे मुंगी! काहीच नाही हो." त्यांनी चाचपडत बरणीतून साखर घेतली. "उद्या हिची सुट्टी."

"कोणाची?"

"माझी. म्हणजे... बटणांची." त्यांनी घाईघाईने कॉफीचा घोट घेतला.

एमोरी पुलापाशी टॅक्सी पुसत होता.

"माझा मोबाइल रविवारी घरीच राहिला. बायकोला विचारा, दिवसभर तिच्या शिव्या त्यालाच ऐकाव्या लागल्या."

"आणि लाल घेवड्याचा टोस्ट तुम्हीच मागवलात?"

"हो."

"डॉक्टरांनी गोड बंद केलंय ना?"

"म्हणून तर खाल्ला नाही," एमोरी म्हणाला.

परतताना उनोने मान हलवली. "तिघंही सुटले. एकाकडे तसला फोन नाही, दुसरीला दिसत नाही, तिसऱ्याचा मोबाइल घरी."

"तिघं सुटले नाहीत," शिओमी म्हणाली. "तिघं जुळले."

संध्याकाळी तिने सगळ्यांना दुकानात बसवलं. वाकाको गल्ल्यामागे ताठ उभ्या होत्या.

"खायचा नसलेला टोस्ट माणूस का मागवतो?" शिओमीने सुरुवात केली. "खाण्यासाठी नाही, तर भाजणारीला आत धाडण्यासाठी. डॉक्टरांच्या धाकातला माणूस गोड टोस्ट मागवून तसाच ठेवतो, तेव्हा त्याला फक्त वाकाको-सान आत जायला हव्या असतात. त्या वळल्या की हारुयोबाईंचा मोबाइल टेबलाखालून बाहेर. डोळे एमोरींचे. नवा टोस्ट मागवायचा तोकुमारूंनी."

"मीही दोनदा मागवला," हारुयोबाई पुटपुटल्या. "दूध पण माझंच."

"पण वाकाको-सानना का फसवायचं?" उनो म्हणाला.

"फसवायचं नव्हतं. समोर कोण आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. वाकाको-साननी तर बशीही न घेण्याचं कबूल केलं होतं. गल्ल्याआडच्या त्या मोबाइलचा संशय कोणाला येणार? तिघं वाकाको-सानपासून लपून बोली लावत होते, वाकाको-सान तिघांपासून लपून. मध्ये टेबलं तेवढी."

"पण त्यांना ती हवी कशाला?" वाकाकोंचा आवाज चिरका झाला.

"उद्या बरणीची सुट्टी, असं हारुयोबाईंच्या तोंडून निसटलं. बरणीच्या जागी काय येणार, हे ज्याने आणलंय त्यालाच माहीत."

एमोरी उठला आणि टॅक्सीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं खोकं घेऊन आला.

"दुपारीच आलं. उद्या सकाळी द्यायचं होतं," तो म्हणाला. "शपथेवर सांगतो, समोरच्या त्या हलकटाला आम्ही काय काय शिव्या दिल्या!"

"मी कमी दिल्या का?" वाकाको म्हणाल्या. आधी त्यांना हसू फुटलं, मग डोळे भरले, मग दोन्ही एकदम.

निळ्या पाकोळ्या दिव्याखाली चमकल्या. साखरदाणीत विकणाऱ्याची चिठ्ठी होती. उनोने ती मोठ्याने वाचली: "आईची ही वस्तू कोणालाच नको असेल, असं वाटलं होतं. देशाच्या दोन टोकांना असतील कदाचित, पण दोन माणसं तिच्यासाठी इतकी झटली, हे पाहून आम्ही घरचे सगळे भारावलो."

"दोन टोकं!" तोकुमारूने टेबलावर थाप मारली. "एक टोक गल्ला, दुसरं हे टेबल!"

वाकाकोंनी बरणीतली साखर एक कणही न सांडता साखरदाणीत ओतली. मग त्या आत गेल्या. बराच वेळ भाजल्याचा वास येत राहिला. बाहेर आल्या तेव्हा हातातल्या ताटात टोस्टची चळत होती.

"रविवारचे उरले होते ना," त्या म्हणाल्या, "तेवढे आज संपवायचे. एमोरी-सान, तुमचे बिनघेवड्याचे. आणि उद्या सकाळी लवकर या. दुकान सातलाच उघडणार."